कुंभाराचे नावही लिहू या : स्टुडिओत मातीकाम करणाऱ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि महाराष्ट्रात अन्यत्र स्टुडिओ पॉटरी करणारे सर्व कलाकार, मातीकामाचे वर्ग घेणारे शिक्षक आणि सिरॅमिक प्रदर्शनांचे संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली एकोणीस वर्षे मी पुण्यात मातीकाम करते आहे. दोन खोल्यांचा स्टुडिओ, एक विजेवर चालणारे चाक, एक गॅसची भट्टी आणि वर्षातून तीन-चार प्रदर्शने एवढाच माझा पसारा आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांचा पसारा याहून फार वेगळा नसावा. हे पत्र मी सरकारला किंवा ग्राहकांना लिहिलेले नाही. ते मी आपल्याच लोकांना लिहिते आहे, कारण ज्या गोष्टीविषयी मला बोलायचे आहे ती बदलणे बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.

गेल्या डिसेंबरात एका सिरॅमिक प्रदर्शनात माझा स्टॉल होता. आत मांडवात सुमारे चाळीस स्टॉल होते, प्रत्येकावर कलाकाराच्या नावाची सुबक पाटी होती आणि बहुतेक पाट्यांखाली कोण कुठे शिकले, कोणत्या पद्धतीने भाजते, याची चार ओळींची माहितीही होती. मांडवाबाहेर, गाड्या लावण्याच्या जागेला लागून, एक कुंभार दांपत्य चाक घेऊन बसले होते. ‘प्रत्यक्ष प्रात्यक्षिक’ असा फलक त्यांच्या डोक्यावर होता, पण त्यावर त्यांचे नाव नव्हते. पालक मुलांना त्यांच्यासमोर उभे करून फोटो काढत होते. त्यांना तीन दिवसांची रोजंदारी मिळणार होती आणि बाजूला ठेवलेले पंधरा-वीस माठ व गाडगी विकायची मुभाही होती, मात्र ती बाहेरच. मला लाजेने सांगावे लागते की पहिले दोन दिवस मी त्यांच्यासमोरून ये-जा केली आणि मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक बाई माझ्याकडून साडेआठशे रुपयांचा मग, किमतीबद्दल एक शब्दही न काढता, घेऊन बाहेर पडल्या आणि त्याच पिशवीसह त्या माठापाशी थांबून दहा रुपये कमी करा म्हणून घासाघीस करू लागल्या. माठवाल्या काकूंनी दहा रुपये कमी केले. मी आतून हे सगळे पाहिले आणि तेव्हापासून हे पत्र माझ्या मनात आहे.

त्या बाईंचा मला राग आला नाही. माझ्या मगाला किंमत आहे आणि माठाला ती नाही, हे त्यांना आम्हीच शिकवले होते. एक वस्तू दिव्याखाली, पाटीसह, पांढऱ्या कपड्यावर मांडलेली होती आणि दुसरी जमिनीवर, नावाशिवाय. मांडणी काय सांगते ते ग्राहक बरोबर वाचतो.

प्रदर्शन संपल्यावर आठवड्याभराने मी मुंढव्याला त्यांच्या घरी गेले. पुण्यातला जुना कुंभारवाडा कसब्यात, नदीकाठी. पुढे शहर वाढत गेले तशी बरीच कुटुंबे मुंढवा-केशवनगरकडे सरकली. आज तिथेही चहूबाजूंनी इमारती उठल्या आहेत. त्यांच्या अंगणात मी दिवसभर बसले, आणि त्या दिवशी मी जे पाहिले ते थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्यातल्या अनेकांनी चाकावर हजारो भांडी ओढली असली तरी एक माठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तयार होताना पाहिलेला नाही. मीही तोवर पाहिला नव्हता.

चाकावर माठ तयार होतच नाही, ही पहिली गोष्ट. काकांनी चाकावर जे ओढले ते एक जाड, बुटके, बिनबुडाचे भांडे होते. त्याचा गळा आणि काठ मात्र पूर्ण झालेला, नेमका आणि गोल. सुतळीने ते कापून त्यांनी राखेवर सावलीत ठेवले. माती चामड्याइतकी घट्ट झाली की पुढचे काम काकूंचे. त्यांनी भांडे मांडीवर घेतले, डावा हात आत घातला, त्या हातात दगडाचा गुळगुळीत गोळा, आणि उजव्या हातातल्या लाकडी थापटण्याने बाहेरून ठोकायला सुरुवात केली. आतला गोळा आणि बाहेरचे थापटणे एकाच बिंदूवर, एकाच क्षणी भेटले पाहिजेत. आतला हात तर दिसतही नाही. ठोक, जरा फिरवणे, ठोक, जरा फिरवणे. त्या बोलत होत्या, नातवाला हाक मारत होत्या, मला चहाला आग्रह करत होत्या आणि हात थांबत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर ते जाड भांडे फुगत गेले, बूड मिटून गोल झाले, भिंत पातळ होत गेली. एवढे ठोकायचे तर ते एका बैठकीत होत नाही. थोडे ठोकायचे, सुकू द्यायचे, पुन्हा मऊ थापटण्याने ठोकायचे. शेवटी भिंतीची जाडी सगळीकडे सारखी झाली आहे की नाही, हे त्या बघत नव्हत्या, ऐकत होत्या. जिथे आवाज जड येई तिथे आणखी दोन ठोके.

मी त्यांना विचारले की हे शिकायला किती दिवस लागतील. त्या हसल्या आणि थापटणे माझ्या हातात दिले. “ताई, ठोकून बघा की. फुटलं तर माझं.” मी ठोकले. चौथ्या ठोक्याला भांड्याला भोक पडले. एकोणीस वर्षे माती हाताळलेल्या माझ्या हाताला तो अंदाज नव्हता आणि त्या अंगणातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तो होता.

आपल्या क्षेत्रात या भांड्यांना ‘कमी तापमानाला भाजलेली’ म्हणून हलके लेखण्याची सवय आहे, म्हणून त्यामागचे शास्त्रही इथेच नोंदवते. आपले स्टोनवेअर १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजले जाते; माती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते आणि पाणी शोषत नाही. कुंभाराची उघडी भट्टी, जिला जुने लोक आवा म्हणतात, साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते, त्यामुळे भांडे सच्छिद्र राहते. हे सच्छिद्र राहणे म्हणजे अपुरे भाजणे असे आपण समजतो. वस्तुतः भांड्याचे सगळे गुण त्याच सच्छिद्रतेत आहेत. माठातले पाणी भिंतीतून झिरपून पृष्ठभागावर येते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते चांगलेच गार होते आणि मुंबईच्या दमट हवेत तेवढे होत नाही, त्याचे कारणही हेच. आपल्या उत्तमातल्या उत्तम ग्लेझच्या, म्हणजे काचेसारखा लेप दिलेल्या, सुरईत पाणी खोलीइतकेच कोमट राहते. माठाला चकचकीत ऑइलपेंट लावून विकण्याची जी पद्धत रस्त्याकडेला दिसते, तिने तर माठाचा प्राणच जातो. छिद्रे बुजली की माठ आणि प्लास्टिकची बादली यांत फरक उरत नाही.

दुसरी गोष्ट अग्नीची. माझा साडेआठशे रुपयांचा मग गॅसच्या आचेवर ठेवला तर तडकेल. कुंभाराची तवली चुलीवर राहते, तीत आमटी शिजते, भाकरीचे खापर तापून निघते. मातीत मिसळलेली राख, वाळू किंवा घोड्याची लीद, ती लीद जळून गेल्यावर उरणारी बारीक पोकळी, सगळीकडे सारखी पातळ भिंत आणि कुठेही कोपरा नसलेले गोल बूड, या सगळ्यामुळे आचेचा ताण एका जागी साचत नाही आणि बारीक चीर पडलीच तर ती पुढे धावत नाही. खानदेशात पुरणाचे मांडे ज्या खापरावर भाजतात ते आठवा: उलट्या ठेवलेल्या त्या मोठ्या खापराखाली जाळ असतो, आणि हातावर फिरवून हातभर रुंद केलेला मांडा त्याच्या पाठीवर पसरतात. नागपूरकडे लांब पोळीही अशाच उलट्या मडक्यावर होते. हे पदार्थ टिकून आहेत, कारण ती खापरे घडवणारे हात अजून आहेत. आगीवर चालणारी माती बनवायला आधुनिक सिरॅमिक उद्योगाला वेगळी खनिजे आणि वेगळी सूत्रे लागतात. ही मंडळी ते काम नदी-तळ्याच्या गाळात करत आली आहेत.

किती काळ करत आली आहेत, याचा पुरावा आपल्या पायाखालीच आहे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले, तिची भांडी लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेली, तोटीची आणि इतकी उत्तम भाजलेली आहेत की वाजवली तर धातूसारखा नाद येतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले, त्यात त्या लोकांची घरे, धान्याची पेवे आणि दफने सापडली. लहान मूल दगावले तर त्याला दोन मातीच्या कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत असत. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलाला शेवटचे कुशीत घ्यायला त्या आईबापांना कुंभाराचे भांडेच सापडले. हे वाचल्यापासून मला कोणतेही मडके ‘साधे’ म्हणवत नाही.

आपल्या घरांतला तो धागा अजून तुटलेला नाही. संक्रांतीला सुगड लागते, त्यात गाजर, बोरे, उसाचे करवे, हरभरा आणि गव्हाच्या ओंब्या भरतात. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेली घागर दान देतात. नवरात्रात घट बसतो. दिवाळीला पणत्या आणि किल्ल्यावरची चित्रे येतात. पोळ्याला मातीचे बैल पुजले जातात. आणि शेवटच्या प्रवासात पुढे धरलेले मडकेही कुंभारच देतो. बारा बलुतेदारांत त्याचे स्थान होते ते या सगळ्यासाठी. बलुत्याची व्यवस्था अन्यायाचीही होती आणि ती परत यावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु ती गेली तेव्हा धान्याच्या रूपाने मिळणारा वर्षाचा आधार गेला आणि त्या जागी रोख किंमत यायला हवी होती ती आली नाही. पाच सुगडांना आजही आपण भाजीच्या जुडीइतके पैसे देतो आणि त्यातही घासाघीस करतो.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी विचारले की हे थापटणे कशासाठी, आणि मग गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर ते मारून कोण पक्के, कोण कच्चे ते सांगितले. नामदेवांना राग आला आणि तेच कच्चे ठरले. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. त्या अंगणात बसल्यावर मला तिच्यातले कारागिराचे ज्ञान प्रथमच कळले. भांडे कच्चे की पक्के हे ठोक्याच्या नादावरून ओळखता येते, हा कुंभाराचा रोजचा अनुभव आहे, आणि संतपरंपरेने अध्यात्मातली सर्वांत अवघड परीक्षा घ्यायला एका कुंभाराला व त्याच्या हत्याराला निवडले.

आता आपल्याविषयी. आपल्यापैकी अनेकांची गुरुपरंपरा पुद्दुचेरीत १९७१ साली सुरू झालेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीपर्यंत, किंवा जपानमध्ये शिकून आलेल्या सरदार गुरुचरण सिंग यांच्या दिल्ली ब्लू पॉटरीपर्यंत पोहोचते. आपण ती अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. जपानच्या लोककलेविषयी आपल्याला आदर आहे. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारात जपून ठेवलेला किझाएमोन नावाचा चहाचा वाडगा आपल्यातल्या प्रत्येकाने निदान छायाचित्रात पाहिला आहे. तो जपानचा राष्ट्रीय ठेवा मानला जातो, आणि तो मुळात कोरियातल्या एका अनाम कुंभाराने केलेला, रोजच्या वापरातला साधा वाडगा होता, असे सांगतात. त्या अनाम हाताचे गुणगान आपण वर्गात विद्यार्थ्यांना ऐकवतो. मग आपल्याच शहरातला, हयात असलेला, पत्ता ठाऊक असलेला हात आपल्या प्रदर्शनात बिननावाचा कसा राहतो? कोरियाच्या त्या कुंभाराचे नाव काळाच्या ओघात हरवले. मुंढव्याच्या काकूंचे नाव हरवलेले नाही. ते आपण लिहिलेले नाही, इतकेच.

यात मी स्वतः दोषी आहे आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही. सुरुवातीच्या काळात, दिवाळीच्या एका मोठ्या मागणीसाठी, मी एका कुंभाराकडून दोनशे लहान वाडगे माझ्या मातीत चाकावर ओढून घेतले. त्यांनी ते दोन दिवसांत केले, एकसारखे, काठाला कुठे धक्का नाही. मी त्यांना नगावर पैसे दिले, ग्लेझ लावले, भाजले, बुडाला माझा शिक्का मारला आणि ‘हाताने घडवलेले’ म्हणून विकले. ते हाताने घडवलेलेच होते, फक्त तो हात माझा नव्हता. त्या वेळी सगळेच असे करतात, असे मी मनाची समजूत घालून घेतली. आज मला माहीत आहे की तुमच्यातलेही काही जण असे करतात, आणि मी कोणाकडे बोट दाखवत नाही. काम वाटून करण्यात गैर काही नाही. मातीकामात ते पूर्वापार चालत आले आहे, काका चाकावर आणि काकू थापटण्यावर हेही वाटून केलेलेच काम आहे. गैर आहे ते शिक्क्यात. यापुढे माझ्या भट्टीतून निघणाऱ्या भांड्यावर दोन हात असतील तर बुडाला दोन नावे असतील. तुम्हीही हे करावे, अशी माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती आहे.

संयोजकांना माझे सांगणे असे की, पुढच्या प्रदर्शनात कुंभाराला मांडवात जागा द्या. प्रात्यक्षिकासाठी बोलावलेला माणूस हा करमणुकीचा भाग समजला जाऊ नये. त्याचे नाव, गाव, तो कोणती भांडी करतो, माती कुठून आणतो, कशी भाजतो, ही माहिती आपल्या पाटीइतक्याच मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे. स्टॉलचे भाडे त्याला परवडणार नाही हे उघड आहे, आणि त्यावर उपाय फार अवघड नाही: चाळीस स्टॉलधारकांनी थोडी थोडी भर घातली तर दोन कुंभार कुटुंबांची जागा सहज निघते. परदेशातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या कलाकाराला एका दिवसाच्या कार्यशाळेचे जे मानधन देता, तेच थापटण्याचे काम शिकवणाऱ्या काकूंना द्या. त्या कार्यशाळेला गर्दी होईल का, अशी शंका असेल तर मी स्वतः पहिली नोंदणी करते. माझ्या भोक पडलेल्या भांड्यापासून मला पुढे शिकायचे आहे.

वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तरी जवळच्या कुंभारवाड्यात न्यावे. धारावीचा कुंभारवाडा मुंबईत आहे. सौराष्ट्रातून आलेली ती कुटुंबे १९३०च्या सुमारास तिथे स्थिरावली आणि तिथल्या गल्ल्यांत आजही घर, चाक आणि भट्टी एकाला एक लागून आहेत. कोल्हापूरला शाहूपुरीची कुंभार गल्ली आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्यांना भद्रावतीचा ग्रामोदय संघ जवळ आहे, तर दक्षिणेकडच्यांना बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था. मात्र जाताना कॅमेरा पिशवीत ठेवून जावे, आधी बसावे, माती तुडवायला हात-पाय लावावेत, आणि येताना काहीतरी विकत घ्यावे, सांगितलेल्या किमतीला. किंमत कमी सांगितली असेल तर जास्त द्यावी. मी हे दयेपोटी म्हणत नाही. आपण आपल्या मगाची किंमत काढताना मातीचे, गॅसचे, फुटलेल्या नगांचे आणि आपल्या तासांचे पैसे धरतो. तोच हिशेब मी त्या अंगणात बसून माठासाठी केला, आणि काकूंच्या तासांची किंमत मी माझ्या तासांच्या निम्मी जरी धरली तरी त्यांनी सांगितलेली किंमत कितीतरी अपुरी ठरली.

ग्राहकाला ही भांडी वापरायची कशी, हे सांगण्याची जबाबदारीही आपण घेऊ शकतो, कारण ग्राहक आपल्याशी निवांत बोलतो आणि आपले ऐकतो. नवा माठ रात्रभर पाण्यात ठेवावा. साबण लावू नये, नुसत्या काथ्याने घासावा. एका उन्हाळ्यानंतर क्षार बसून छिद्रे बुजतात आणि पाणी कमी गार होते, तो माठाचा दोष नव्हे. स्वयंपाकाची तवली दिवसभर भिजवून, प्रथम मंद आचेवर भाताची पेज उकळून घ्यावी, तापलेल्या तवलीत गार पाणी ओतू नये. एवढे माहीत नसल्याने लोकांची पहिली तवली पहिल्याच दिवशी तडकते आणि ‘मातीची भांडी टिकत नाहीत’ असा ग्रह होऊन बसतो. माझ्या मगासोबत मी एक छापील चिठ्ठी देते, डिशवॉशरमध्ये चालेल वगैरे सांगणारी. तशीच एक मराठी चिठ्ठी काकूंच्या माठासाठी मी लिहून, छापून दिली आहे. ती कोणालाही हवी असल्यास वापरावी, माझे नाव घालण्याची गरज नाही.

काही अडचणी अशा आहेत ज्या कुंभार एकट्याने सोडवू शकत नाही आणि आपण त्याच्या शेजारी उभे राहिलो तर थोडे वजन पडेल. शहरातल्या कुंभारवाड्यांभोवती इमारती आल्या की भट्टीच्या धुराची तक्रार सुरू होते. तक्रार खोटी नसते, धूर होतोच. पण भट्टी बंद करणे हा त्यावरचा एकमेव उपाय असल्यासारखे सगळे बोलतात. गॅसची भट्टी, कमी धुराची बांधीव भट्टी, चिमणीची उंची, या विषयांतले आपल्याला समजते, त्यावर आपण पैसे खर्च केले आहेत आणि चुकाही केल्या आहेत. हे ज्ञान त्यांच्या अंगणात नेऊन, त्यांच्या मातीला व त्यांच्या खर्चाला काय परवडते ते त्यांच्याबरोबर बसून ठरवले पाहिजे. माती आणणे दर वर्षी महाग होते, कारण जवळची तळी बुजली आणि गाळाची जमीन विकली गेली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची रचना आहे. योजना कागदावर चांगली आहे, पण नोंदणी, ओळखपत्रे, बँकेचे कागद यांत वयस्कर माणूस अडखळतो. आपल्यातल्या प्रत्येकाने एका कुटुंबाच्या कागदांसाठी दोन सकाळी दिल्या, तरी पुष्कळ होईल. मी एक अर्ज भरून दिला, त्याला तीन फेऱ्या लागल्या.

मला ठाऊक आहे की यावर दोन आक्षेप येतील. पहिला हा की त्यांच्या मालाला सफाई नाही. काही मालाला खरेच नाही. दिवाळीच्या घाईत केलेल्या पणत्या वेड्यावाकड्या असतात, कारण त्या भावात सरळ पणती करणे परवडत नाही. बाहेरून ट्रक भरून साच्यातल्या पणत्या येतात आणि बाजाराचा भाव त्या ठरवतात. योग्य भाव मिळतो तिथे काय घडते ते मी पाहिले आहे. एका ओळखीच्या कुटुंबाला मी जेवणाच्या मोठ्या तवल्या, सांगितलेल्या किमतीच्या दीडपट देऊन, वेळ घेऊन करायला सांगितल्या. त्या आल्या तेव्हा त्यांच्या काठाला हात लावून मी बराच वेळ गप्प उभी राहिले. त्यावर कावेचा पातळ हात होता, दगडाने घोटून आणलेली मंद चमक होती आणि एका बाजूला भट्टीच्या धुराने उमटलेला काळा ढग होता, जो मिळवण्यासाठी आपण सोडा टाकून किंवा लाकडावर भाजणाऱ्या भट्ट्यांवर महिने घालवतो.

दुसरा आक्षेप हा की यामुळे आपल्या विक्रीवर परिणाम होईल. माझा अनुभव उलटा आहे, पण तो एकटीचा आहे, म्हणून त्यावर भर देत नाही. एवढेच म्हणते की ज्याने एकदा घरात माठ आणला, त्यातले पाणी प्यायले, तवलीत शिजलेली डाळ खाल्ली, त्याच्या हाताला मातीची ओळख झाली. आपला मग विकत घेणारा माणूस आपल्याला तोच हवा असतो. यंत्रातून निघालेल्या कपबश्यांच्या जगात आपण आणि कुंभार एकाच बाजूला उभे आहोत. आपल्यातले अंतर पाटीचे, भाषेचे, जातीचे आणि आपण शिकलेल्या शाळांचे आहे. यातले जातीचे अंतर बोलून दाखवायला आपण कचरतो, म्हणून मी ते लिहून ठेवते: हे काम ज्यांनी पिढ्यान्पिढ्या केले त्यांना ते जातीचे काम म्हणून कमी लेखले गेले, आणि आपण तेच काम आवड म्हणून उचलले तेव्हा ते कला झाले.

येत्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी, पुण्यातल्या एका सभागृहात माझे छोटे प्रदर्शन आहे. त्यातली अर्धी जागा मुंढव्याच्या त्या कुटुंबाची असेल. पाटीवर त्यांचे नाव त्यांनी सांगितले तसे, आधी काकूंचे आणि मग काकांचे, असे लागेल. सुगडे, माठ, तवल्या आणि दोन मोठे रांजण असतील, किमती त्यांनी माझ्याबरोबर बसून, तासांचा हिशेब धरून ठरवल्या आहेत. रविवारी सकाळी काकू थापटण्याचे काम शिकवतील. त्यासाठी दहा जणांचीच जागा आहे, कारण त्यांच्याकडे जास्तीची थापटणी तेवढीच आहेत. तुमच्यापैकी जे येऊ शकतील त्यांनी यावे, जुने कपडे घालून यावे. आणि ज्या संयोजकांचे मार्चपर्यंतचे प्रदर्शन अजून ठरायचे आहे, त्यांनी स्टॉलची मांडणी पक्की करण्यापूर्वी मला कळवावे. अशा आणखी चार कुटुंबांशी माझे बोलणे झाले आहे आणि ती मांडवात यायला तयार आहेत.

आपली सहकारी,
पुण्यातील एक मातीकाम करणारी